आखाजीपर्यंतची खिडकी

घरामागे जिनिंगचा कारखाना उभा राहिला आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी एकदम अब्रूचा प्रश्न होऊन बसली. तोवर ती नुसती खिडकी होती. सकाळचं ऊन तिच्यातून यायचं आणि थेट परातीत पडायचं. आता समोर कापसाच्या गाठींची थप्पी आणि थप्पीवर हमाल. बिचारे विडी ओढायला बसत, पण बसले की मी भाकरी थापताना त्यांना सबंध दिसे.

"आखाजी झाली की चिंधा गवंडी येईल," आमचे हे म्हणाले. "बुजवूनच टाकू ती."

"आणि भाकरी अंधारात थापू?"

"कंदील आहे की."

दिवसाढवळ्या कंदील! पडदा लावून पाहिला होता, तो चुलीच्या झळीनं करपला. लाकडी झडप लावली की आत रात्र. माझं वय एकोणचाळीस, त्यातली चोवीस वर्षं या चुलीसमोर गेली होती. उरलेली मला अंधारात काढायची नव्हती.

"बाहेरून दिसणार नाही पण उजेड येईल, असं काही केलं तर?"

हे हसले. मला वाईट वाटू नये म्हणून हे हसतात, आणि त्यानंच जास्त वाटतं. "कर. पण आखाजीपर्यंत. गवंड्याला शब्द दिलाय."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सव्वा महिना होता.

डोक्यात होते वरातीतले कंदील. लाल, हिरव्या, निळ्या काचांचे. आत वात जळते, पण वात दिसत नाही, रंग दिसतो. जळगावात ते कंदील गनीभाई करत. त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "भाऊ, मला खिडकीएवढा कंदील करायला शिकवा."

गनीभाईंनी कात्री खाली ठेवली. "भिकुअक्का, खिडकी मी जन्मात केली नाही."

"मीही नाही. म्हणजे आपण बरोबरीचे."

आतून त्यांच्या बायकोचं, अमिनाबीचं हसू ऐकू आलं. तिनंच मला आत घेतलं, चटई टाकली, आणि रंगीत तुकड्यांची पेटी पुढ्यात ओतली. दुपारची धुणीभांडी आटोपली की मी रोज तिथे जाऊ लागले. गल्लीत बायका विचारत, "काय गं, रोज कुठे?" मी म्हणे, "काच कापायला." त्यांना वाटे मी थट्टा करतेय.

काच कापायची ती हिरकणीनं. लाकडी मुठीच्या टोकाला हिऱ्याची कणी बसवलेली असते. तिनं रेघ ओढायची आणि रेघेवर हलकेच मोडायचं. ऐकायला सोपं. पण आपल्या हाताला रांगोळीची सवय. रेघ फिकी पडली की आपण वरून दुसरी ओढतो. मी तेच केलं. काच रेघ सोडून भलतीकडेच गेली. दुसरी गेली, तिसरी गेली.

"अक्का, एकदाच," गनीभाई बाहेरून ओरडले. त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. "दुसऱ्यांदा ओढली की काच रुसते!"

अकरा तुकडे रुसले. बारावा सरळ मोडला तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं "मोडला!" म्हणाले, की अमिनाबीची सासू काय फुटलं ते पाहायला धावत आली.

मग अमिनाबीनं तुकडे ओल्या वाळूवर घासायला शिकवलं. घासून घासून काच दुधाळ होते, तिच्यातून उजेड जातो, नजर जात नाही. वाटण वाटून हात मुरलेले, हे काम मला जमलं. घासलेटच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या दुमडून त्यांच्या खाचेत काचा बसवल्या, सांधे कथील वितळवून डाखले. दोनदा बोटं भाजली. ह्यांनी विचारलं तर चुलीचं नाव सांगितलं.

शेवटी काच खाचेत हलू नये म्हणून लांबीचा लगदा भरायचा होता. "खडूची पूड तेलात कणकेसारखी मळायची," गनीभाई म्हणाले. कणीक मळायला मला कोण शिकवणार? घरी आले, पूड घेतली, डब्यातलं शेंगदाण्याचं तेल घातलं आणि झकास मळली. खाचा भरल्या, आणि आखाजीला पाच दिवस असताना तावदान उभं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लांबी मऊच. तिसऱ्या दिवशी मऊ, वर मुंग्यांची रांग. एक खार येऊन कोपरा कुरतडून गेली. तावदान उचललं तर सगळ्या काचा दातांसारख्या हलल्या.

अमिनाबीला बोलावून दाखवलं. तिनं बोटानं चाचपलं, वास घेतला.

"अक्का, ही लांबी केली की चटणी?"

"तेलात मळा म्हणाले!"

"जवसाच्या तेलात! ते वाळतं. शेंगदाण्याचं बारा महिने वाळत नाही."

जवसाचं तेल आमच्याकडे कोण खातं? मला तेल माहीत होतं ते खायचं तेवढंच. आखाजीला तीन दिवस राहिले होते. चिंधानं विटांची गाडी दारात रिकामी केली होती.

"सोड आता," हे म्हणाले. या वेळी हसले नाहीत. "पुढल्या वर्षी बघू."

"बुजलेली खिडकी पुढल्या वर्षी कोण उघडतं?"

त्याच दुपारी सगळी चटणी काडीनं कोरून काढली. सोड्याच्या गरम पाण्यानं खाचा धुतल्या. जवसाचं तेल अमिनाबीनं घरून आणलं. नवी लांबी दोघींनी मिळून भरली आणि तावदान घराच्या मातीच्या धाब्यावर कुरडयांशेजारी वाळत घातलं. खानदेशातल्या वैशाखाच्या उन्हाला आजवर मी शिव्याच दिल्या होत्या. त्या तीन दिवसांत ते मिनिटभरही हलू नये म्हणून देवाला विनवलं. सणाच्या दिवशी पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि मी धाब्यावर नखानं लांबी टोचून पाहत होते. संध्याकाळी नख रुतेना.

दुसऱ्या सकाळी चिंधा आला. त्यालाच तावदान चौकटीत बसवायला लावलं. मग हे आणि तो, दोघे गाठींच्या थप्पीवर चढले. मी आत, चुलीपाशी.

"काय दिसतं?" मी ओरडले.

"अक्का, काहीच दखास नही," चिंधाचा आवाज आला. "नुसता रंग शे."

ह्यांचं समाधान होईना. "तू नक्की आहेस का आत?"

"आहे की."

"काय करतेस?"

"भाकरी थापतेय."

मी ह्यांना जीभ दाखवत होते. चोवीस वर्षांत पहिल्यांदा, चांगली लांब. हे तिथे गंभीर चेहरा करून डोळे बारीक करत असणार.

मग ह्यांचा आवाज, जरा हळू, "चिंधा, त्या विटा परत ने."

हे आत आले. परातीतल्या पिठावर लाल-हिरवा उजेड पडला होता, त्याकडे पाहत उभे राहिले. मग खिडकीकडे बोट केलं. "ती निळी काच वाकडी बसलीय."

"माहीत आहे. पुढची सरळ बसेल."

"पुढची?"

"देवघराची," मी म्हणाले आणि भाकरी तव्यावर टाकली.