क्रुसाचा चुना

सकाळी हेर्लिंदाबाईंनी मूर्तीपुढची वाटी उचलली आणि त्या जागीच थिजल्या. वाटी रिकामी होती. थोरला लेक इलारियो गेला तेव्हा शवपेटीखाली चुन्याचा क्रूस आखला होता, तो नवव्या दिवशी, म्हणजे काल, प्रार्थना म्हणत या वाटीत गोळा केला होता. आज तो थडग्यात पुरायचा. तोवर जीव सुटत नाही, असं गावात सगळेच मानतात.

"यूफ्रो, चुना कुठाय गं?"

सून यूफ्रोसिनाने चुलीवरच्या हंड्याकडे बघितलं. काल पाहुणे गेल्यावर तिने सवयीने मका शिजत घातला आणि सवयीनेच, दाण्याची साल सुटावी म्हणून रोज घालतात तसा, हाती आला तो चुना त्यात टाकला. नवरा गेल्यापासून तिचे हात आपले आपण कामं उरकत होते. ती स्वतः कुठे होती, देव जाणे.

"मक्यात घातला," ती म्हणाली. आपल्याला लाज वाटायला हवी, हे तिला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

"अगं बाई! माझा लेक हंड्यात घातलास की, पोरी!" हेर्लिंदाबाईंनी धाकट्याला हाक मारली. आबुंदियो शाळेत विज्ञान शिकवायचा. "मास्तर, काढून दे तो चुना. पोरांना पाण्यातून मीठ काढून दाखवतोस, मग हे काय अवघड?"

"आई, मीठ नुसतं विरघळतं. पाणी आटवलं की मीठच हाती येतं. हे तसं नाही." त्याने एक दाणा चिमटीत दाबला. साल सहज सुटली. "तळाशी थोडा साका मिळेल. बाकीचा मक्याला लागला. आता ना मका पहिला राहिला, ना चुना. वहिनी, तो परत नाही येणार."

इतके दिवस जो तो गळ्यात पडून तिला हेच सांगत होता. आत शिरलं ते आत्ता.

"साका गाळून घे, तेवढा पुरू," हेर्लिंदाबाई लेकाला म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "आणि तू मका पाट्यावर वाट. लोकांना नाही वाढायचा, आपण तिघंच खाऊ."

त्या मक्याची तव्यावर भाजलेली पहिली तोर्तिया त्यांनी सुनेच्या हातावर ठेवली. यूफ्रोसिनाने घास चावला. चव अगदी रोजच्यासारखीच होती. त्याचंच तिला रडू फुटलं.