शेरा पूर्ववत

दप्तरखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं तोंडावरच्यापेक्षा लवकर पोचतं, हे कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको. वास्तविक तिने आयुष्यात एक कागद कापला नव्हता. संशोधकांच्या हाती खोकं जाण्याआधी ते वाचायचं, हयात माणसाची अब्रू चव्हाट्यावर येईल असं काही सापडलं तर जाड पाकिटात बंद करायचं आणि त्यावर पिवळी चिठ्ठी लावायची, एवढंच तिचं काम. अमुक सालापर्यंत बंद. किंवा, अमुक व्यक्ती हयात असेपर्यंत बंद.

या दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्यांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. अमुक व्यक्ती अजून हयात आहे का, हे कुणीतरी विचारायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे ती. फोन लावायचा, आवाजात जमेल तेवढा गोडवा आणायचा आणि 'आजोबा आहेत का?' म्हणायचं. पलीकडून 'आहेत की, देऊ का?' असं आलं की घाईघाईने नको म्हणून फोन ठेवायचा. संध्याकाळी ती घरी आली की नवरा टीव्हीवरची नजर न काढता विचारायचा, "काय, आज कोण गेलं?" सुरुवातीला ती हसायची. आता नुसती चपला काढून चहा टाकायची.

त्या महिन्यात घोडं अडलं ते काच कारखान्याच्या खोक्यापाशी. कधीकाळी त्या कारखान्यात मोठा संप झाला होता. कुणीतरी पुढाऱ्यांची नावं मालकाला कळवली, ती माणसं एका दिवसात कामावरून गेली आणि संप फुटला. पुढे बऱ्याच वर्षांनी एका हौशी मास्तरांनी म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी कॅसेटवर भरून दप्तरखान्याला देऊन टाकल्या. त्यातली एकच कॅसेट पाकिटात बंद होती. बोलणारा भट्टीवरचा मुकादम, आता हयात नव्हता. चिठ्ठीवर मास्तरांचं अक्षर होतं: 'धाकटा भाऊ हयात असेपर्यंत बंद. कारण: धाकट्याची बदनामी टाळणे.'

या संपावर प्रबंध लिहिणारी एक मुलगी रोज वाचनकक्षात येऊन बसायची आणि रोज तीच कॅसेट मागायची. गोड बोलून झालं, अर्ज देऊन झाले. शेवटी एक दिवस तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः ऐकलीय का ती?"

"बंद आहे म्हणजे बंद आहे," कात्रीबाई म्हणाली आणि आत जाऊन बसली. पण प्रश्न जिव्हारी लागला होता, कारण तिने ती ऐकली नव्हती. कुणीच ऐकली नव्हती. बंद पाकिटांची दर पाच वर्षांनी फेरतपासणी व्हायची. कागद असला तर निदान वरवर चाळला जायचा. कॅसेट ऐकायची म्हणजे साहेबांच्या कपाटातला टेपरेकॉर्डर मागा, त्यासाठी अर्ज करा, तो चालतो का बघा, सगळी दुपार घालवा. त्यापेक्षा आधीच्याने लिहिलेलं बघायचं, खाली 'शेरा पूर्ववत' लिहायचं आणि सही ठोकायची. पाकिटावर अशा सह्या एकीखाली एक होत्या. शेवटची तिची.

तिने अर्ज केला. टेपरेकॉर्डर आला, कुरकुरत का होईना चालला. कानाला हेडफोन लावून ती बसली आणि अर्ध्या तासाने तिने डोक्याला हात लावला.

मुकादम सांगत होता, नावं त्यानेच दिली होती. पोरं लहान होती, मॅनेजरने नोकरीची भीती घातली, तो घाबरला. संशय धाकट्यावर गेला, कारण धाकटा त्याच दिवशी कचेरीत रजा मागायला गेला होता. "आणि मी तो त्याच्यावर जाऊ दिला," मुकादम म्हणाला. मग, "हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. तो मला दादा म्हणतो अजून."

म्हणजे मास्तरांनी चिठ्ठी लिहिली ती ज्याने पाप केलं त्याची अब्रू राखायला, आणि वर नाव घातलं ज्याने भोगलं त्याचं. सगळ्यांनी वरचं वाचलं, मान डोलावली. धाकट्यानेच फितुरी केली असणार आणि बिचारा थोरला त्याला सांभाळून घेतोय, असंच तिलाही वाटलं होतं. तिला स्वतःचा संताप आला, आणि संतापायचंही त्राण नाही याचा वेगळा.

नियमात वाट होती. ज्याच्यासाठी बंद केलं, त्याने स्वतः ऐकून लेखी संमती दिली तर पाकीट उघडता येतं. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"माणूस ऐंशीच्या पुढचा आहे ना? मग कशाला उगाच? थोडी वाट बघू. आपोआप उघडेल."

"साहेब, तो मेल्यावर उघडून त्याला काय मिळणार?"

"तुम्ही फार अंगाला लावून घेता बुवा," साहेब म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

तिने फोन लावला. "आजोबा आहेत का?"

"मीच बोलतोय. आहे अजून," पलीकडून आवाज आला. "दरवर्षी कुणीतरी बाई विचारते आणि फोन ठेवते. तुम्हीच ना त्या?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सांगितलं की दप्तरखान्यात तुमच्या भावाचं बोलणं ध्वनिमुद्रित केलेलं आहे, ते तुम्हाला ऐकता येईल, यायला जमेल का.

"दादाचा आवाज?" म्हातारा म्हणाला. "उद्या येतो. मी एकटाच असतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली."

तो आला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी घोटून. आयुष्यभर काच फुंकल्याने गाल सैल पडले होते. तिने दार लावून घेतलं आणि आधीच बजावलं, "त्यात संपाचं बोलणं आहे. त्रास होईल असं आहे. मध्येच थांबवायचं असेल तर हात वर करा."

"दादा माझ्याबद्दल वाकडं बोलायचा नाही," तो म्हणाला. "सगळ्या वस्तीने पाठ फिरवली, लग्नकार्याला बोलावणं बंद झालं, तेव्हा दर रविवारी तो एकटा घरी यायचा. पोरांना खाऊ आणायचा. लावा तुम्ही."

तिने लावलं. सुरुवातीला दादा खोकला तशी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हाच खोकला," तो मोठ्याने म्हणाला. कानावर हेडफोन असलेली माणसं बोलतात तसं. मग ते हसू गेलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. त्याच्याकडे बघायचं तिच्या जिवावर आलं होतं. हात काही वर झाला नाही. कॅसेट संपून खटका पडला तरी हेडफोन त्याच्या कानावरच होते.

तिने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"रविवारी यायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, एक माणूस तरी मला मानतो."

तिने संमतीचा कागद काढला आणि हलक्या आवाजात सांगितलं, तुम्ही सही केलीत तर हे कुणालाही ऐकता येईल. एक मुलगी संपावर लिहितेय, तिच्या पुस्तकात खरं काय ते येईल. तुमच्यावरचा डाग जाईल.

"त्या मुलीला मी कधी फितूर वाटलोच नव्हतो," म्हातारा म्हणाला. "ज्यांना वाटायचो ते सगळे गेले. भट्टीवरचं एक माणूस उरलेलं नाही." "बायको मात्र विचारायची. भांडण नाही, तंटा नाही. निजताना एखाद्या दिवशी विचारायची, खरं सांगा, तुम्ही नव्हता ना? मी म्हणायचो, नव्हतो. ती म्हणायची, बरं. नुसतं बरं. शेवटच्या आजारातसुद्धा एकदा म्हणाली."

त्याने कॅसेटकडे बोट केलं.

"हे तुम्ही कधी ऐकलंत?"

"याच महिन्यात."

"त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं?"

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. नियम होता, कचेरी होती, तिच्याआधीच्या सह्या होत्या. पण तिला तेवढंही जमेना. "दर पाच वर्षांनी ऐकून बघायचं असतं," ती म्हणाली. "मागच्या वेळी माझ्याकडे होतं. मी न ऐकताच सही केली."

"मागच्या वेळी म्हणजे?"

"पाच वर्षांपूर्वी."

म्हाताऱ्याने बोटांवर काही मोजलं नाही. त्याला मोजावं लागलं नाही.

"तेव्हा ती होती," तो म्हणाला.

त्याने ओरडायला हवं होतं, पेला आपटायला हवा होता, म्हणजे तिला खाली मान घालून ऐकून घेता आलं असतं. त्याने हेडफोन काढून व्यवस्थित टेबलावर ठेवले, खिशातून चष्मा काढला आणि संमतीचा कागद पुढे ओढला.

"सही कुठे करायची म्हणालात?"