तळ्यानं घेतलेला रोग

रविवारी सकाळी दहालाच तळ्याकाठी गाड्या लावायला जागा उरली नव्हती. पनवेलमागच्या डोंगरातलं ते तळं नितळ, काठावर देवीचं लहानसं देऊळ. पण तिकडे बघायला वेळ होता कुणाला? सगळे काशिरामबुवाच्या रांगेत. बुवा आजाऱ्याच्या तळहातावर हळद फासायचा, वर तांब्यातलं 'तळ्याचं पाणी' सोडायचा, आणि हळद लालभडक व्हायची.

"देवीआईनं रोग घेतला. आता गोळ्या पाण्यात सोड. दवा चालू ठेवली तर आई रोग दुप्पट करून परत देईल, आमी जबाबदार नाय."

किशोरी नवीन पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिला घरच्यांनी सहल म्हणून आणलं होतं. धाकटा भाऊ इंद्रजीत फिटच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन रांगेत उभा राहिला, तेव्हा तिला सहलीचं खरं कारण कळलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"आई, तीन वर्षं त्याला फिट आली नाही ती या गोळ्यांमुळे. एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल."

"आणि गोळ्यांपायी दोन स्थळं मोडली, त्याचं काय?" आशालताबाई म्हणाल्या. "हळद लाल होतेय, दिसत नाही तुला?"

किशोरीला रडू येईल इतका संताप आला. घरात रोज हळदकुंकू वापरायचं आणि कुंकू कशाचं करतात हे मात्र कुणाला ठाऊक नसायचं. तिनं आधी स्वतःचा हात पुढे केला. लाल.

"मला तर काही आजार नाही."

"दडलेला हाय," बुवा डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाला. रांगेनं माना डोलावल्या.

पुढच्या बाईच्या हातावर बुवानं धार सोडली, तेवढ्यात किशोरीनं हळद फासलेला दगड मध्ये धरला. दगड लाल झाला. "याला कुठला रोग?" मग तिनं दुसऱ्या हाताला हळद लावली आणि तो तळ्यात बुडवला. हळद पिवळीच राहिली.

"हे तळ्याचं पाणी. याच्या तांब्यात चुन्याची निवळी आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात. बस्स, एवढंच."

बुवानं तांब्यावर फडकं टाकलं. रांगेतून आवाज आला, "मॅडम, बाजूला व्हा, आमचा नंबर आहे."

इंद्रजीतनं मात्र स्वतःच्या हाताला हळद लावून तळ्यात बुडवून पाहिली. हात पिवळाच राहिला. "म्हणजे माझं दुखणं आहे तिथंच आहे, ताई."

"आहे. गोळीनं ते ताब्यात राहतं, आणि हे मुलीकडच्यांना सांगता येतं." मग ती रांगेकडे वळली. "देवीला हात जोडा, मी अडवत नाही. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. कुणी काही दाखवलं तर ते आपल्या हातानं एकदा करून बघा."

चार-दोन माणसं रांगेतून निघाली. बाकीची तशीच उभी राहिली.

इंद्रजीतनं सकाळची राहिलेली गोळी काढली आणि पाणी मागितलं.

"लोकांसमोर कशाला?" आई कुजबुजली. "गाडीत घे."

त्यानं तिथेच, रांगेकडे तोंड करून, गोळी घेतली.