तळ्यासाठी जिराफ

नव्या बागेच्या आराखड्यातलं तळं पहिल्या वर्षी एवढं ऐसपैस होतं, की त्यात होडी चालवू द्यायची की नाही यावर दोन बैठका झडल्या. चौथ्या वर्षी ते इतकं आक्रसलं होतं, की नकाशावर उमटलेला चहाच्या कपाचा डाग त्याच्यापेक्षा मोठा दिसे.

हे तळं ज्यांनी आखलं होतं त्यांना नगरपालिकेत सगळे आराखडेबाई म्हणत. बाग विभागात त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं आणि तिथून बागेची जागा दिसायची: पत्र्याचं कुंपण, आत गुडघाभर गवत आणि 'लवकरच येत आहे' अशी उन्हाने फिकी पडलेली पाटी. पहिल्या वर्षी खणताना जुनी जलवाहिनी सापडली, म्हणून तळं सरकलं. दुसऱ्या वर्षी समिती बदलली, नव्या समितीला वाहनतळ हवा झाला, म्हणून तळं अर्धं झालं. तिसऱ्या वर्षी नक्की काय झालं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तळं पुन्हा अर्धं झालं होतं.

त्यात घरचा आहेर निराळाच. आराखडेबाईंच्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रमुख. मंडळाला बागेत नागमोडी वाट नको होती, सरळ हवी होती, कारण नागमोडी वाटेवर पावलं मोजताना हिशेब चुकतो. आणि तळं तर मुळीच नको होतं. सासूबाई समितीला हरकतीची पत्रं लिहायच्या, तीही घरच्याच टेबलावर, मटार सोलत बसलेल्या सुनेच्या समोर.

"डासांची 'उत्पत्ती' लिहू, की 'पैदास'?" त्या विचारायच्या.

"पैदास लिहा, आई. जरा जास्त बोचतं."

"हं. मलाही तेच वाटत होतं."

आराखडेबाईंचा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडायला लावणारा हा गृहस्थ घरी मात्र स्वतःचं तोंड मिटून बसे.

चार वर्षांत आराखडेबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. समितीला प्रत्येक बैठकीत काहीतरी छाटल्याशिवाय चैन पडत नाही. मग छाटायला आपणच काहीतरी दिलं तर? पाचव्या वर्षीच्या बैठकीआधी त्यांनी आराखड्याच्या मधोमध सिमेंटचा जिराफ काढला. पाच मीटरहून उंच, पिवळाधमक. पोटातून जिना चढायचा, मानेतून वर जायचं आणि शेपटीच्या बाजूने घसरगुंडीवरून खाली यायचं. काढताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण समिती या जिराफावर तुटून पडेल आणि कोपऱ्यातल्या उरल्यासुरल्या तळ्याकडे कुणाचं लक्षच जाणार नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती.

बैठकीत नकाशा उलगडला. समितीचे अध्यक्ष पुढे वाकले, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हा जिराफ आहे?"

"हो. म्हणजे, नको असेल तर काढता येईल," आराखडेबाई घाईघाईने म्हणाल्या.

"काढता येईल? अहो, पाच वर्षांत पहिल्यांदा या कागदावर काहीतरी बघण्यासारखं आलंय!"

तीन मिनिटांत जिराफ मंजूर झाला. सगळ्या सभासदांनी हात वर केले, एकाने तर दोन्ही. मग अध्यक्षांना आठवलं की अजून काही छाटलेलं नाही. त्यांचं बोट नकाशावर फिरत फिरत कोपऱ्यात जाऊन थांबलं. "आणि हे डबकं कशाला ठेवलंय? लोकांच्या अकरा हरकती आहेत यावर."

तळं गेलं.

आराखडेबाई घरी आल्या आणि चपला न काढताच खुर्चीत बसल्या. सगळं ऐकून सासूबाई खूश होतील असं त्यांना वाटलं होतं, पण सासूबाईंचा चेहरा पडला.

"तळं साफच काढलं?"

"तुम्हाला हवं होतं तेच झालं, आई."

"मला तळं नको होतं असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. अकरा पत्रांत."

"अगं, ते सरळ वाटेसाठी ताणून धरलं होतं! वाट मिळाली की तळ्याची हरकत मागे घेणार होते." सासूबाईंनी चष्मा टेबलावर आपटला. "आणि तू? तू जिराफ काढलास?"

"तो त्यांनी कापावा म्हणून काढला होता."

आधी सासूबाईंना हसू फुटलं, मग सुनेला. नवरा हातातलं वर्तमानपत्र खाली न घेता हळूच उठून आतल्या खोलीत गेला.

त्या जेवणाच्या टेबलावर तह झाला. पूर्वेच्या कडेने सरळ वाट सासूबाईंची, बाकीची नागमोडी वाट सुनेची, आणि तळं परत आणायचं ते दोघींनी मिळून. सासूबाईंनी बांधकामाची तीनशे पानांची नियमावली मागवली आणि लाल पेन्सिल घेऊन, वह्या तपासाव्यात तशी, वाचायला बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी सुनेला कचेरीत फोन लावला.

"लिहून घे. पाच मीटरहून उंच आणि ज्यात माणसं चढतात असं कोणतंही बांधकाम असेल, तर तीस मीटरच्या आत आगीसाठी उघडा पाणीसाठा हवा. जिराफात माणसं चढतात ना?"

"चढतात," आराखडेबाई म्हणाल्या, आणि त्यांना खिडकीतून बाहेर उडी मारून नाचावंसं वाटलं.

पुढच्या बैठकीत मंडळाचं बारावं पत्र वाचलं गेलं. त्यात तळ्याचं नावसुद्धा नव्हतं. लहान मुलांच्या सुरक्षेची कळकळ होती आणि नियमाचा क्रमांक होता. अग्निशमन दलाने मान डोलावली. मुलांच्या सुरक्षेला नाही म्हणणार कोण? 'पाणीसाठा' मंजूर झाला, आणि नियमात कमाल आकार कुठेच दिलेला नसल्यामुळे आराखडेबाईंनी तो पहिल्या वर्षीइतका नाही, पण दुसऱ्या वर्षीइतका काढला. त्याच कागदावर पूर्वेची वाटही सरळ झाली, ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

काम सुरू झालं. एक दिवस आराखडेबाई जागेवर गेल्या, तर जिराफ उभा राहिला होता, पण का कोण जाणे, खांदे पाडून बसल्यासारखा वाटत होता. त्यांनी टेप काढला आणि शिडी लावून स्वतः वर चढल्या. चार मीटर ऐंशी.

"वीस सेंटीमीटरनं काय बिघडतं, बाई?" खालून कंत्राटदार म्हणाला. "उलट बरंच की. पाचच्या आत असला तर तो पाण्याचा खड्डा खणायला नको. आणि लांबून उंटासारखा दिसेल, एवढंच."

ज्या जिराफाचा त्यांना मनापासून तिटकारा होता, त्याच्या मानेसाठी आराखडेबाई शिडीवर उभ्या राहून अर्धा तास भांडल्या. मान वाढवायची तर सगळा सांगाडा उतरवावा लागेल, आणखी सहा महिने जातील, असं कंत्राटदाराने ठणकावून सांगितलं. सहा महिन्यांत समिती पुन्हा बदलली तर? शिडीवरूनच त्यांनी घरी फोन लावला.

"आई, उंची कुठपर्यंत मोजतात? नियमात काय लिहिलंय?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "'सर्वोच्च टोकापर्यंत'. का गं?"

आराखडेबाईंनी जिराफाच्या डोक्याकडे बघितलं. तिथे अंगठ्याएवढी दोन शिंगं होती.

"शिंगं वाढवा," त्यांनी कंत्राटदाराला सांगितलं. "तीस सेंटीमीटर."

"जिराफाला? एवढी?"

"हा आपला जिराफ आहे. याला आहेत."

बाग सहाव्या वर्षी उघडली. मुलांची जिराफाच्या जिन्यावर झुंबड उडाली, आणि ही शिंगं हरणाची की बैलाची यावर त्यांच्यात पैजा लागल्या. अध्यक्षांनी भाषणात जिराफाची कल्पना स्वतःचीच असल्याचं सांगितलं. आराखडेबाईंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

दोन महिन्यांनी अग्निशमन दलाचे अधिकारी पाणीसाठ्याची तपासणी करायला आले. काठावर कमळाची पानं होती, बाक होते, आणि एका दगडावर बेडूक बसला होता.

"हे काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पाणी," आराखडेबाई गंभीरपणे म्हणाल्या. "नियमाप्रमाणे."

"आणि हा बेडूक?"

"तो स्वतःहून आलाय. त्याची मंजुरी घेतलेली नाही."

अधिकाऱ्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग वही मिटली, इकडेतिकडे बघितलं, बूट-मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडून बसले. इतक्यात पूर्वेच्या वाटेने सासूबाई मंडळासह ताड ताड पावलं टाकत आल्या.

"साहेब, बूट वाटेतून उचला," त्या न थांबता म्हणाल्या. "आमची मोजणी चुकतेय."