न वाचता उमटलेलं 'तपासले'

मित्रांनो, माझ्या तोंडावर जन्मापासून एकच शब्द आहे, तोही उलटा कोरलेला: 'तपासले'. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या विधी विभागाचा मी जुना रबरी शिक्का. तुम्ही म्हणाल, शिक्क्याला कसली आलीय तक्रार? ऐका तर खरं.

मला घडवलं अब्दुल सत्तार यांनी. टपरीएवढं त्यांचं दुकान. सागवानी मुठीला रबर चिकटवून त्यांनी मला रद्दी कागदावर तीनदा उमटवून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा अक्षर नीट उठलं तेव्हाच पुडीत बांधलं. माझ्या आयुष्यात खरी तपासणी झाली ती तेवढीच.

कंपनीत तेव्हा भगवंतराव वकीलसाहेब विधी विभागाचे प्रमुख होते. माणूस सज्जन, पण सदा अमरावतीच्या कोर्टातल्या तारखांना गेलेला. भांडण झालं की निस्तरायचं, हेच त्यांचं काम. भांडण होण्याआधी त्यांना कोणी विचारत नसे आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. आपल्यामुळे माल अडू नये म्हणून त्यांनी मला माल रवाना करायच्या टेबलाला सुतळीने बांधून ठेवलं. ज्याला घाई असेल तो बियाण्याच्या थैलीवरच्या मजकुराच्या कागदावर मला आपटायचा. मालक कौतुकाने म्हणायचे, "आपलं विधी खातं कधी कोनाले अडवत नाई." आणि मी मूर्ख, फुशारून जायचो!

भगवंतराव निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी अमरावतीहून गजाला मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सुतळी कापली आणि मला आपल्या खणात कुलूपबंद केलं. खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. महिना महिना शाईचं दर्शन नाही. पण खणात पडल्या पडल्या बाहेरचं बोलणं ऐकू यायचं, आणि हळूहळू माझा राग भलतीकडे वळला.

"नितेशभाऊ, थैली छापायच्या आधी मले बोलवत जा," मॅडम विक्री प्रमुखांना सांगायच्या. "छापल्यावर मी काय नुसती मान हलवू?"

"मॅडम, तुमचं काम शेवटी असते," नितेश हसून म्हणायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की कान असते तर किटले असते.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास हरभऱ्याचं नवं वाण आलं. थैलीवर ठळक ओळ होती, 'ओलिताची गरज नाही'. थैल्या छापून झाल्या, भरून झाल्या, गाड्या फाटकाशी लागल्या, आणि मग मजकुराचा कागद मॅडमच्या टेबलावर आला.

"चाचणी कुठी घेतली होती?" त्यांनी विचारलं.

"आपल्या विहिरीजवळच्या वावरात."

"म्हणजे पाणी देऊन?"

"पाण्यावर इतका जोरदार आला, तं बिनपाण्याचा थोडाफार येईनच नं!" नितेश म्हणाले.

मॅडमनी शिक्का न मारताच कागद परत केला. दुसऱ्या दिवशी त्यांना अमरावतीला सुनावणीसाठी जावं लागलं. नितेशनी कार्यालयातली दुसरी किल्ली आणली, खण उघडला, माझ्या वाळलेल्या तोंडावर 'हा' करून वाफ सोडली आणि मला कागदावर दाबलं. मी ओरडलो असतो, मित्रांनो. पण मला एकच शब्द येतो, आणि नेमका तोच तिथे उमटला.

डिसेंबरात हिवरखेडच्या शेतकरी पार्वताबाई रिकामी थैली काखेत घेऊन आल्या. "पान्याच्या वावरात गहू पेरला, अन् हा हरभरा बिनपान्याच्या वावरात टाकला. थैलीवर लिवलं होतं म्हून. घाटे भराच्या आधीच वाळून गेला. कोनं तपासलं हे?"

मॅडमनी फाईल काढली. कागदावर मी होतो, जांभळा आणि ठसठशीत. तो ठसा कोणी मारला असेल हे त्यांनी ओळखलं. नितेशचं नाव सांगून त्या सुटू शकल्या असत्या.

"शिक्का माह्या खात्याचा हाय, मावशी."

"म्या शिक्क्याचं नाई इचारलं, बाई. वाचलं कोनं?"

मॅडमनी पार्वताबाईंना पाणी दिलं, बसवलं, आणि मला मुठीत धरून तडक मालकांच्या खोलीत शिरल्या. तिथे पुढच्या हंगामाच्या सोयाबीनच्या थैलीवर काय लिहायचं ते चाललं होतं. मॅडमना अर्थातच बोलावलेलं नव्हतं.

मला टेबलावर आदळून त्या म्हणाल्या, "शिक्काच पायजे असन तं हा ठेवून घ्या, मी घरी जाते. मी पायजे असन तं पहिली ओळ लिवायच्या आधी मले इथं बसू द्या. अन् बाहेर एक मावशी बसल्या हायेत, त्यायचं काय करता ते आधी सांगा."

मालकांनी नितेशकडे पाहिलं. नितेशनी एक खुर्ची मागवली आणि दाराजवळ ठेवायला लावली. मॅडमनी ती स्वतः उचलली आणि टेबलाशी नेऊन मांडली.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मला जपू नका. मी खणात वाळून भेगाळलो तरी चालेल. पण शेवटी ज्याला जबाब द्यावा लागणार, त्याला आधी विचारा, आणि न वाचलेल्या कागदावर माझ्यासारख्याला टेकवू नका. मॅडमना खुर्ची मिळाली, चांगलं झालं. पार्वताबाईंचं वावर मात्र आता पावसाळ्यापर्यंत रिकामं आहे.