जोडीचे टर्बो

"मोठे घेऊच नकोस," मिस्तरी म्हणाले. "मोठे लावलेस तर सिग्नल सुटल्यावर बाकीचे घरी जाऊन जेवून झोपतील, तेव्हा कुठे तुझी गाडी जागी होईल."

भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघे एका लाकडी खोक्यापुढे उकिडवे बसले होते. खोक्यात अपघातात गेलेल्या वेगवेगळ्या व्हॅनचे सात टर्बो होते, सगळे एकाच लहान मापाचे. मेहुण्याच्या मांडीवर वही होती. तो शाळेत गणित शिकवायचा म्हणून मिस्तरी त्याला मास्तर म्हणायचे.

"दाजी, पण माझ्या गणितानं मधलं माप येतंय."

"तुझ्या गणितानं बाजारातली गर्दी पाहिली आहे का? शर्यत नाही लावायची, रस्त्यावर चालवायची आहे. लहान दोन लावू. तीन सिलिंडरना एक, उरलेल्या तिघांना एक. पाय ठेवला की ओढलं पाहिजे."

मास्तर हसला आणि वहीतल्या आकड्यावर काट मारली. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. मिस्तरींच्या घरामागच्या शेडमध्ये ती सहा सिलिंडरची जुनी गाडी उभी होती. तिचं इंजिन मास्तरनं स्वतःच्या हातानं तीनदा खोललं आणि तीनदा बांधलं. लग्न केलं नाही. स्थळं दाखवून दाखवून बहिणीनं शेवटी हात टेकले. "त्या गाडीशीच लावून द्या याचं," असं ती नवऱ्याला म्हणायची आणि दोघांचे डबे भरून शेडमध्ये पाठवायची. त्या माणसाला जगात दुसरं काही नव्हतं, हे खरं सांगायचं तर घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

टर्बो तेवढे मिस्तरींनी निवडायचे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. ट्रकच्या वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय? टर्बो म्हणजे एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाकं. इंजिनाचा धूर एक चाक फिरवतो, दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. शाफ्ट केसभर जास्त ढिला असला की चाक कडेला घासतं, आणि मग खेळ खलास. हा ढिलेपणा लोक डायल लावून मोजतात. मिस्तरी शाफ्ट दोन बोटांत धरायचे, पुढे-मागे हलवायचे. बोटांना हिसका लागला तर म्हणायचे, "बोलतोय, बेअरिंग गेलं." काही लागलं नाही तर म्हणायचे, "गप्प आहे, बसवा." त्यांनी एकदा गप्प म्हटलं की मालकसुद्धा पुन्हा विचारत नसे.

त्यांनी पहिला टर्बो उचलला, शाफ्ट हलवला. गप्प. दुसरा उचलला. गप्प. तिसरा, चौथा. सातवाही गप्प. भंगारात आलेले सात टर्बो आणि सातच्या सात चांगले? असं कधी झालंय?

कसं होईल! वर्षभर बोटांची टोकं बधिर होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, साखरेनं नसा गेल्यात, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. मिस्तरींनी ते बायकोखेरीज कुणाला सांगितलं नाही. आज सकाळीही तिनंच त्यांच्या शर्टाची बटणं लावली होती.

"कुणी पाहिलं तर म्हणेल, नवीनच लग्न झालंय," ती म्हणाली होती. मग हळूच, "अहो, आज तरी सांगा त्याला."

"काय सांगू? बोटांवर पोट भरणारा माणूस लुळा झाला म्हणून?"

"लुळे कशाला? तो काही परका आहे का?"

"उद्या वर्कशॉपात कळलं तर गेटबाहेर बसवतील मला, झाडू देऊन," असं म्हणून ते चपला घालून निघाले होते.

"दाजी, पिशवीत डायल आणलाय," खोक्यापाशी मास्तर चाचरत म्हणाला. "लावून बघू का? म्हणजे... उगाच आपलं."

"का? मी मेलो का?"

मास्तरचा चेहरा पडला. त्यानं डायल परत पिशवीत सारला आणि वर माफीही मागितली. मिस्तरींना तेव्हाच सांगता आलं असतं. त्यांनी त्यातल्या त्यात कमी गंजलेले दोन टर्बो बाजूला काढले.

"हे दोन. गप्प आहेत."

मास्तरनं ते दोन्ही सदऱ्याला पुसले आणि पोटाशी धरून घरी आणले.

तीन आठवड्यांनी गाडी रस्त्यावर आली. मास्तर चालवत होता, मिस्तरी शेजारी. बंद पडलेल्या गिरणीमागचा सरळ रस्ता होता, दुपारचा मोकळा. मास्तरनं पाय दाबला आणि गाडीनं असं ओढलं की मिस्तरींचं डोकं मागे आपटलं. मास्तर खुळ्यासारखा हसत सुटला. "दाजी! अहो दाजी!" एवढंच त्याला बोलता येत होतं. नऊ वर्षांत मिस्तरींनी त्याला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं, आणि त्या घटकेला त्यांनाही वाटलं, निभावलं बुवा.

डाव्या बाजूनं शिट्टीसारखा आवाज चढत गेला, मग फाडकन काहीतरी फुटलं. मागे पांढरा धूर. इंजिन दोनदा खडखडलं आणि जागीच जाम झालं.

गाडी ढकलत घरी आणली. मास्तरनं नळी सोडली. चाकाची पाती तुटून थेट इंजिनात गेली होती. त्यानं इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं तेव्हा संध्याकाळचं ऊन शेडमध्ये आलं होतं. तीन पिस्टन फुटलेले, सिलिंडरला बोट जाईल एवढे ओरखडे. त्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा सांगाडा, आता कुठे मिळत नव्हता. हाच त्यानं चार वर्षं शोधून आणला होता. मास्तर जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याची बहीण दारात येऊन उभी राहिली. तिनं भावाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"माझंच चुकलं," मास्तर म्हणाला. "सुरू करण्याआधी टर्बोच्या नळीत तेल भरायचं असतं. मी घाई केली. नीट भरलं नसणार. तुम्ही एवढे निवडून दिले आणि मी माती केली, दाजी."

त्यानं तेल भरलं होतं. मिस्तरींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता नुसतं उगी राहिलं असतं तरी भागलं असतं. नाव राहिलं असतं, नोकरी राहिली असती.

"तेल बरोबर होतं," ते म्हणाले. "टर्बोच गेलेला होता. माझ्या बोटांना काही कळत नाही, मास्तर. वर्ष झालं."

मास्तरनं डोळे पुसले आणि मान हलवली. "राहू द्या. माझी चूक अंगावर घेऊ नका. तुमची बोटं चुकतील होय?"

"अरे, खरं सांगतोय."

"तुम्ही असेच आहात. ताईच्या लग्नापासून बघतोय मी."

बायको तोंडाला पदर लावून आत निघून गेली. मिस्तरींनी मास्तरसमोर बैठक मारली. उजवा हात पुढे केला, बोटं उताणी पसरली आणि डोळे मिटून घेतले.

"ठेव काहीतरी बोटांवर. काय ठेवलंस ते मी सांगतो."

पत्रा उन्हानं कडकडत होता. बाहेरून एक सायकल गेली. मिस्तरी वाट पाहत राहिले.

"अरे, ठेव की."

"ठेवलंय, दाजी," मास्तर म्हणाला. "केव्हाच ठेवलंय."