चारशे बारा चुका

उद्धवरावांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"दाखव. नवीन काय आणलंय तुमच्या लोकांनी?"

रविवार होता. रुक्मिणीबाई जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या मुलीने, स्वप्नालीने, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उघडली. विजेच्या पॅनेलची ड्रॉइंगं ज्यावर काढतात ते हे सॉफ्टवेअर. कंपन्या-कंपन्यांत जाऊन ते दाखवायचं आणि शिकवायचं, ही तिची नोकरी. उद्धवरावांनी चाकणच्या एका पॅनेलच्या कंपनीत एकतीस वर्षं तीच ड्रॉइंगं आधी काढली, मग तपासली. निवृत्तीनंतरही कंपनी त्यांना दरवर्षी थांबवून घेत होती. या वर्षी घेतलं नाही. महिना झाला, ते घरी होते.

तिने ड्रॉइंगमधला एक रिले, विजेवर चालणारा छोटा स्विच, उचलून दुसऱ्या पानावर टाकला. त्याचे उल्लेख जिथे जिथे होते, तिथे पानाचे आकडे आपोआप बदलले.

"हे चांगलंय," ते म्हणाले. "या एका कामात माझे डोळे गेले. आणि वायरचे नंबर?"

"तेही आपोआप पडतात. एक बटण दाबायचं."

"मधले मोकळे सोडायचे असले तर?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. दर दहा वायरींनंतर चार नंबर ते मोकळे ठेवत. पॅनेल साइटवर गेलं की गिऱ्हाईक आणखी एक मोटर मागतं, आणखी एक दिवा मागतं. नव्या वायरला तिथल्या तिथे नंबर मिळाला पाहिजे. नाहीतर पाच वर्षांनी बिघाड शोधायला आलेला माणूस पॅनेलचं दार उघडून नुसता बघत बसतो. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक वायरमनला ते पाठ होतं. स्वप्नालीला तर शाळेत असल्यापासून.

"सोडता येतात," ती म्हणाली. "फक्त तपासणीत ते चूक म्हणून येतं."

"मोकळी जागा ही चूक?"

"नंबर सलग नाहीत म्हणून."

"हं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "माझ्या चारशे बारा निघाल्या. कंपनीतल्या गणराजने यादी दाखवली. कुणीतरी काढून दिली होती त्याला."

स्वप्नालीचं बोट लॅपटॉपच्या कडेवरून पुढे-मागे फिरत राहिलं.

"चहा टाकू का, बाबा?"

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे परत सरकवला.

"टाक," ते म्हणाले. "साखर कमी."

सोमवारी सकाळी गॅलरीत पेपर वाचता वाचता ते गेले. रुक्मिणीबाईंना वाटलं, डुलकी लागली.

तीन आठवड्यांनी स्वप्नाली चाकणला, बाबांच्याच कंपनीत गेली. ट्रेनिंगची तारीख आधीच ठरलेली होती. दुसऱ्या कुणाला पाठवतो, असं ऑफिसने म्हणून पाहिलं; तिने नको म्हटलं.

ही ऑर्डर तिनेच मिळवली होती. तीन महिन्यांपूर्वी डिझाइनचे मुख्य गणराज सर तिच्या कासारवाडीच्या ऑफिसात आले होते. डेमोसाठी आपलंच एखादं जुनं काम वापरा, म्हणत त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला. ड्रॉइंग उघडताच कोपऱ्यात तपासणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव दिसलं. नाव नसतं तरी तिने ओळखलं असतं. नियमांच्या यादीत 'क्रमांक सलग हवेत' याच्यापुढे खूण होती. ती काढायला एक क्लिक पुरला असता. तिचा हात माउसवरच होता. मग तिने तपासणी सुरू केली आणि लाल ओळी भराभर खाली उतरत गेल्या. गणराज सर खुर्चीत पुढे सरकले. यादीची प्रिंट ते बरोबर घेऊन गेले.

ट्रेनिंगच्या खोलीकडे जाताना वायरिंगच्या टेबलावरून शालनबाई उठल्या. पंचवीस वर्षं त्या तिथे वायरींना नंबरांच्या नळ्या चढवत होत्या.

"उद्धवरावांची पोर ना तू? तोंडावरनंच कळतंय." त्यांनी तिचा हात धरला. "लई वंगाळ झालं बाई. आई कशी हाय?"

"बरी आहे."

"तुझं लई कवतिक हुतं त्यास्नी. ती चुकांची यादी न्हाई का आली, ती मला आणून दाखवली. म्हनले, शालनबाई, हे बघा, खाली पोरीचं नाव कसं छापून आलंय."

स्वप्नालीने बॅगेचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"माझं नाव?"

"व्हय. कुनी काढली त्येचं नाव खाली येतंय म्हनं. मी म्हनलं, अवो, पोरीनं बापाच्याच चुका काढल्या, आन तुमी हसताय काय? तर म्हनले, सांगंल ती. घरी आली की सांगंल." शालनबाईंनी तिचा हात थोपटला. "सांगितलंस ना?"

तेवढ्यात गणराज सर दारातून म्हणाले, "मॅडम, सगळे जमलेत."

खोलीत नऊ जण होते. सरावासाठी कंपनीने तेच काम सगळ्यांच्या मशीनवर टाकून ठेवलं होतं. पहिल्या रांगेतल्या सोनलने, नव्यानेच लागलेल्या डिझायनरने, तपासणी चालवली आणि ती हसली.

"चारशे बारा. कोण होता हा महापुरुष?"

"झोपेत तपासलं असणार," मागून कुणीतरी म्हणालं.

"ए, नावं ठेवू नका," गणराज सर म्हणाले. "मॅडमचे वडील होते."

सोनलची मान खाली गेली. गणराज सर आवाज उतरवून पुढे म्हणाले, "मोठे माणूस होते, मॅडम. पण वय कुणाला सोडतं? आम्ही समजून घेतलं, फक्त या वर्षी थांबवून घेतलं नाही. वाईट वाटून घेऊ नका."

स्वप्नाली सोनलच्या टेबलाशी गेली. माउस घेऊन तिने नियमांची यादी उघडली, एक खूण काढली आणि तपासणी पुन्हा चालवली.

पडद्यावर तीन ओळी उरल्या.

"या तीन?" सोनलने हळूच विचारलं.

"या तीन खऱ्या आहेत. बाकीच्या मोकळ्या जागा आहेत. मुद्दाम सोडलेल्या. तुमच्या कुठल्याही वायरमनला विचारा, का ते तो सांगेल."

गणराज सर उठून उभे राहिले. "म्हणजे तेव्हा ही खूण काढली असती तर..." ते थांबले. "मग त्या दिवशी हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

नवी आवृत्ती बाजारात आली होती, पुढच्या वर्षाची ऑर्डर त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेली होती, आणि 'नजरचूक' हा शब्द स्वप्नालीच्या तोंडात तयार होता. तिने माउस खाली ठेवला.

"माझ्या लक्षात होतं, सर," ती म्हणाली. "ती यादी मी काढली. ड्रॉइंग बाबांचं आहे हेही माहीत होतं. आकडा मोठा दिसला तर तुम्ही ऑर्डर द्याल, म्हणून मी खूण राहू दिली. त्यांनी घरी माझ्यासमोर त्या यादीचा विषय काढला. मी चहा टाकायला उठले."